दानपत्रातली तिसरी वस्तू

कालुबिहान, इलोइलो
१० ऑक्टोबर १९७७

लाडके इंदाय अदेल्फा,

तुझ्या जुनजुनचा फोटो पोचला. गाल बघ कसे आलेत त्याला! शेजारच्या नांग इबियांगला दाखवला, तर म्हणते, हा आपल्याकडचा वाटतच नाही, दुधाच्या डब्यावरचा वाटतो. शर्टाचं वरचं बटण उघडं होतं, त्यातून ऑपरेशनचा वण दिसला. मी फोटो माउलीच्या मूर्तीच्या पायाशी ठेवलाय, म्हणजे तिला रोज दिसेल.

आता कामाचं लिहिते. मागच्या महिन्यात नदीपलीकडच्या गावात एका घरातून संत योहानाच्या मूर्तीचं हस्तिदंती डोकं चोरीला गेलं. घरची माणसं खाली जेवत होती आणि वर चोर डोकं उतरवून घेऊन गेला. धड तसंच उभं, अंगावर रेशमी झगा. तेव्हापासून मला झोप नाही. आपल्या सोलेदाद माउलीचा, त्या पुत्रशोकातल्या देवमातेचा, चेहरा आणि हातही हस्तिदंतीच. या एवढ्या घरात मी एकटी.

म्हणून पाद्रे इसिद्रोंकडे गेले. विचारलं, माउली चर्चला देता येईल का? ते म्हणाले, देण्याच्या तऱ्हा असतात. मालकी आपली ठेवून मूर्ती तिथे नुसती ठेवायला देता येते. नाहीतर कायमची देता येते. कायमची द्यायची तर तिच्या दिव्याफुलांसाठी नानायच्या आजीने राखून ठेवलेलं भाताचं खाचरही सोबत द्यावं, म्हणजे चर्चवर भार नको. मी म्हटलं, कायमची. तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "फेलिंग, दान करायला आलेली माणसं सहसा एवढ्या घाईत नसतात."

नानाय गेली तरी खाचर अजून तिच्याच नावावर आहे, म्हणून आपण दोघी लेकींची सही लागेल. कागद सोबत आहे. सही करून पाठव.

माउलीच्या मिरवणुकीच्या रथाचं मागचं चाक पुन्हा निखळलं होतं. बोटीवाल्या दोमिनादोरने बसवून दिलं, पैसे घेतले नाहीत.

तुझी मानंग
फेलिंग

*

शिकागो
२ नोव्हेंबर १९७७

मानंग,

कागद वाचून मी खुर्चीतच बसले. तुझा मेव्हणा बेनी म्हणाला, कोण गेलं? मी म्हटलं, कुणी नाही, माझ्या बहिणीची अक्कल गेली.

चोराचं निमित्त मला सांगू नकोस. आपल्या पणजीपासून माउली आपल्या दिवाणखान्यात आहे. जपानी आले तेव्हा नानायने तिला भाताच्या कोठारात पुरून ठेवलं आणि वर स्वतः बसून राहिली. आणि तू एका भुरट्याला घाबरतेस? खरं सांग, पैसे कमी पडतात ना? गुड फ्रायडेला रथ ओढणाऱ्यांना जेवू घालायचं, फुलं, मेणबत्त्या, बँड, हे एका खाचरात भागत नाही हे मला कळत नाही का? सरळ मागायचं की गं! पाकिटात डॉलर ठेवलेत. पेटी वेगळी येते आहे. तिच्यात काळी मखमल आणि सोनेरी जर आहे. अशी मखमल मनिलातही मिळायची नाही.

आणि मानंग, तू विसरलीस का? जुनजुनला आत नेलं तेव्हा मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून काय बोलले होते? हा वाचला तर मी जिवंत असेपर्यंत माउली दरवर्षी नव्या झग्यात, आपल्या घरातून, आपल्या माणसाच्या हातून सजून निघेल. तो वाचला. आता मी तिला सांगू की बाई, माझ्या बहिणीला झोप येत नाही, तेव्हा तू दुसरीकडे जा?

कागद परत पाठवत नाही, इथेच खणात ठेवलाय. तुझे केस किती वाढले ते लिही. माउलीचा टोप फार जुना झाला आहे आणि त्यावर आपल्या घरच्या मुलीचेच केस लागतात. माझे तर नर्सच्या टोपीत बसावेत म्हणून केव्हाच कापले गेले.

तो बोटीवाला दोमिनादोर म्हणजे डिझेल आणि सुक्या मासळीचा वास येणारा विधुरच ना? फुकट चाकं बसवणाऱ्या माणसांपासून सांभाळ हो. या वयात गावाला हसायला निमित्त नको.

तुझी
अदेल्फा

*

कालुबिहान
९ डिसेंबर १९७७

इंदाय,

मखमल पोचली. सुंदर आहे. मी ती पेटीतच ठेवली आहे.

तू खरं सांग म्हणालीस, तर सांगते. मी हे तीनदा लिहून फाडलं, कारण पंचेचाळिशीच्या बाईने हे धाकट्या बहिणीला लिहायला लाज वाटते. मला दोमिनादोरशी लग्न करायचं आहे.

हो, त्याच्या अंगाला डिझेलचा वास येतो. माझ्या हातांना मेणाचा येतो, त्याने कधी तक्रार केली नाही. पलावानला त्याच्या भावाची बोट आहे. भावाला आता डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून ती याने चालवायची आहे. ईस्टर झाला की हा निघणार. मला म्हणाला, "फेलिंग, मी तुला घाई करत नाही. पण समुद्र करतो." पावसाळा लागला की तो पट्टा लहान बोटीला पार करता येत नाही.

मी चोराला घाबरत नाही, इंदाय. खरं तर कधीकधी वाटतं, यावा एखादा आणि न्यावी तिला. असं वाटलं की मी लगेच तिच्यापुढे गुडघे टेकते आणि क्षमा मागते. मग उठून तिच्या झग्यावरची धूळ झटकते. नानाय गेल्यापासून मी एक रात्रही या घराबाहेर काढलेली नाही. तुझ्या लग्नाला मनिलाला आले नाही, ते कशामुळे आठवतं? ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ होता, माउलीपाशी मीच लागत होते. तू म्हणालीस, समजू शकते. मला तेव्हा कुणीतरी न समजून घेतलेलं हवं होतं.

माउलीला घरच्या बाईशिवाय कुणी हात लावत नाही, हे गावाला पाठ आहे. नांग इबियांगला मी म्हटलं, दोन दिवस बघशील का? तिने छातीवर क्रूस केला. लोक मला रस्त्यात वाट देतात. कोळणी माझ्याशी भाव करत नाहीत. सगळे मान देतात गं, पण मला कुणी 'ये बस' म्हणत नाही. हा एकटा म्हणाला.

लहानपणी नानाय म्हणायची, दोघींतली एक शिकेल आणि एक माउलीचं बघेल. कोण काय करणार ते कुणी ठरवलं नाही. तुझी पेटी भरली गेली आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नवस तू बोललीस, इंदाय, आणि गुडघे माझे दुखतात.

सही कर. तुझ्या जुनजुनची शपथ घालत नाही, कारण तो मलाही प्रिय आहे. पण सही कर.

फेलिंग

*

शिकागो
१६ जानेवारी १९७८

मानंग, माझी मानंग,

तुझं पत्र मी रात्रपाळीला नेलं आणि औषधांच्या खोलीत दार लावून रडले. इतकी वर्षं आपण झग्यांच्या लांबीबद्दल लिहीत आलो आणि मी तुला एकदाही विचारलं नाही की तू कशी आहेस. बेनीला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "तुझी बहीण माणूस आहे हे तुला आज कळलं?" दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही, पण तो बरोबर होता.

सही केली. इथल्या वकिलासमोर केली, शिक्का मारून घेतला आणि कागद थेट पाद्रेंना पाठवला. सोबत त्यांना एक वेगळं पत्र आणि देणगी पाठवली आहे. आम्ही घरासाठी बाजूला टाकत होतो त्यातली. माउलीला चर्चमध्ये काचेचा कोनाडा होईल, आणि आणखीही काही होईल. ते आता सांगत नाही. मी सगळं नीट लावून दिलं आहे. तुला उतारवयात कुणाच्या तोंडाकडे बघायला लागणार नाही एवढं समज.

केस कापू नकोस हं, पाद्रेंना मी टोपाबद्दलही लिहिलंय.

त्या दोमिनादोरला विचार, त्याला नाचता येतं का? आपल्या तातयना येत नव्हतं आणि नानायने ते आयुष्यभर ऐकवलं.

तुझी वेडी
अदेल्फा

*

कालुबिहान
२० फेब्रुवारी १९७८

इंदाय गं,

पाद्रेंना कागद मिळाला! त्यांनी मला बोलावून हातात हात घेतला आणि म्हणाले, "तुझ्या बहिणीचं मन फार मोठं आहे." मी म्हटलं, तोंडही मोठं आहे, पण मन त्याहून मोठं. ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी मिस्सानंतर सगळ्यांपुढे दान जाहीर करणार आहेत. माझी सही ईस्टरनंतर, शांतपणे कचेरीत.

दोमिनादोरला सांगितलं. तो बोटीकडे गेला आणि दिवसभर फळ्या ठोकत बसला. संध्याकाळी दाखवलं तर मागच्या बाजूला माझ्यासाठी आडोसा केला होता, बसायला बाक आणि सामान ठेवायला कप्पा. नाचता येत नाही म्हणाला, पण बोट हलते तेव्हा कुणालाही नाचावं लागतं.

कोनाड्याचं काम जोरात चालू आहे. त्याला लागून एक छोटी खोलीही बांधताहेत, न्हाणीघरासकट. काल पाद्रेंनी मलाच विचारलं, खिडकी कुठे हवी? मला काय कळतं त्यातलं. मी म्हटलं, समुद्राकडे ठेवा, जो कोणी राहील त्याला वारा तरी लागेल. तर एवढे हसले, आणि गवंड्याला ओरडून सांगितलं, "समुद्राकडे!"

मी पहिल्यांदाच माउलीची मखमल शिवताना गाणं म्हटलं. तिला आवडलं असावं. तिचा चेहरा रडवेलाच आहे, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही.

तुझी
फेलिंग

*

कालुबिहान
२१ मार्च १९७८

अदेल्फा,

परवा झावळ्यांचा रविवार झाला. चर्च भरलं होतं. मी नानायची चंदेरी ओढणी घेतली होती. दोमिनादोर मागे खांबाशी उभा होता, स्वच्छ दाढी करून.

पाद्रेंनी कागद वाचला. मागबानुआ घराण्याने माउली दिली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाताचं खाचर दिलं, पुन्हा टाळ्या. मग ते म्हणाले, दात्रीची एक अट आहे आणि तीच या दानातली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे. माउलीची सेवा आजन्म फेलिसितास मागबानुआच करेल. दुसरा हात माउलीला लागणार नाही. फेलिसितासला राहायला दात्रीने स्वतःच्या खर्चाने माउलीच्या शेजारी खोली बांधून दिली आहे. समुद्राकडे खिडकी असलेली.

सगळं चर्च उभं राहिलं. टाळ्या थांबेचनात. नांग इबियांग रडत होती. बायका येऊन आशीर्वादासाठी माझे हात हुंगत होत्या, कपाळाला लावत होत्या. मी काय करणार होते? मी हसले, अदेल्फा. माझं तोंड आपोआप हसलं. आणि मागे पाहिलं तर खांबाशी दोमिनादोर, टोपी काखेत धरून, तोही टाळ्या वाजवत होता. सगळेच वाजवत होते ना, मग एकटा माणूस काय करेल?

मूर्ती दिलीस. खाचर दिलंस. आणि तिसरी मी. खाचराला कुणी विचारत नाही, मूर्तीला विचारता येत नाही, पण मला तर तोंड होतं. एक पत्र टाकून विचारायचंस.

काल पाद्रेंकडे गेले. म्हटलं, मला हे नको आहे. बिचारे गडबडले. त्यांना वाटलं होतं, मला सगळं ठाऊक आहे. मी खिडकीसुद्धा सांगितली होती. म्हणाले, "तू सही केली नाहीस तर दान मोडेल. मग माउली घरीच राहील, तू पण घरी." म्हणजे सही केली तर त्या खोलीत आणि नाही केली तर या घरात. एवढीच निवड आहे.

शुक्रवारी मिरवणूक आहे. मला झग्याच्या चुण्या घालायच्या आहेत. दुसरं कोण घालणार?

फेलिसितास

*

शिकागो
५ एप्रिल १९७८

मानंग,

तुझं पत्र वाचल्यापासून घास उतरत नाही. तू मला 'इंदाय' म्हटलं नाहीस. जन्मात पहिल्यांदा.

मला वाटलं, मी तुझी सोय करते आहे. पलावानला हिवताप आहे, रस्ते नाहीत. बोटीवाला उद्या बुडाला तर तुला कोण आहे तिथे? इथे मी म्हाताऱ्या बायका रोज बघते, मानंग. मुलं असूनही एकट्या मरतात, शेवटी माझा हात धरतात आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाने हाक मारतात. मला वाटलं, तुझ्यावर छप्पर असेल, मान असेल, सगळं गाव असेल. लग्नाचं खूळ दोन महिन्यांत उतरेल असंही वाटलं. ही चूकच झाली.

पण हे सगळं पूर्ण खरं नाही. बेनी म्हणतो, एकदा तरी पूर्ण खरं लिही. मला भीती वाटते. जुनजुन रात्री खोकला तरी मी त्याच्या छातीला कान लावून बसते. नवसात मी म्हटलं होतं 'आपल्या माणसाच्या हातून'. परक्या कुणी तिला झगा नेसवला आणि त्याच महिन्यात याला काही झालं तर? मी नर्स आहे, मला ऑपरेशन कळतं, टाके कळतात, तरी मला असं वाटतं. तू तिथे तिच्यापाशी आहेस हे ठाऊक असलं की मला झोप येते. तुझ्या जिवावर मी झोपते, मानंग.

मला क्षमा करू नकोस हवं तर. पण जाऊ नकोस.

अदेल्फा

*

कालुबिहान
२ मे १९७८

इंदाय,

घे, म्हटलं पुन्हा. राग आहेच, पण हाक तीच येते.

गुड फ्रायडेला माउली तुझ्या मखमलीत निघाली. नेहमीसारखी सगळ्यात शेवटी. लोक श्वास रोखून बघत होते. रथाचा दोर दोमिनादोरने ओढला, सबंध वाट, मान खाली घालून. नारळाच्या दुधातलं गिनातान सगळ्यांना पुरलं. सोमवारी तो निघाला. मी धक्क्यावर गेले, केळीच्या पानातला भात घेऊन. म्हणाला, "तुला बोलवायला आता मला तोंड नाही, फेलिंग. मी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या." मी भात त्याच्या हातात दिला. दोर सोडताना तो एवढंच म्हणाला, "आडोसा मी काढत नाही." मग बोट गेली आणि मी घरी येऊन मेणाचे डाग खरवडत बसले.

तुझं पत्र आलं ते मी माउलीपुढे बसून मोठ्याने वाचलं. जुनजुनच्या छातीला कान लावतेस ते वाचताना मला रडू आलं. तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण ती तुझी आहे, इंदाय. इतकी वर्षं ती माझ्या घरात राहिली, माझ्या ताटात जेवली. आणि एक सांगू? माउलीला मी रोज जवळून बघते. तिच्या मांडीवर तिचा स्वतःचा मुलगा मेलेला होता. ती दुसरीच्या मुलाचा जीव एका कमरपट्ट्याच्या गाठीसाठी परत मागेल? मी तिला इतकी वर्षं नेसवते आहे, मला ती तशी कधी वाटली नाही.

काल कचेरीत गेले. पाद्रेंनी कागद पुढे सरकवला, टाक दिला. मी आधी अटीतलं माझं नाव खोडलं आणि त्याजागी तुझं लिहिलं. माउलीची सेवा आजन्म अदेल्फा मागबानुआ करेल. मग खाली माझी सही केली, सुबक, शाळेत शिकवलेली. पाद्रेंनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. म्हणाले, "अगं, पण तिला न विचारता?" मी म्हटलं, "हो पाद्रे. आमच्या घरची पद्धत आहे." त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, तुझ्या होकारापर्यंत कागद त्यांच्या कपाटात राहील. माउली मात्र कोनाड्यात आली तर त्यांची हरकत नाही, रोजचा दिवा ते स्वतः लावतील. काल दुपारी आम्ही तिला नेलं. मी मागे चालले.

केस दिले. नांग इबियांगने कापले आणि माझ्यापेक्षा तीच जास्त रडली. नवा टोप होईल त्याचा. ते माझे होते, म्हणून मला देता आले. आरशात बघते तर तुझ्यासारखी दिसते, नर्स झालीस तेव्हाची.

तू ये किंवा येऊ नकोस. अट मोड, नाहीतर नांग इबियांगला परवानगी दे. ती छातीवर क्रूस करेल, पण तू म्हणालीस तर हात लावेल. पाद्रेंना काय लिहायचं ते तूच ठरव. मी तुला सोडवणार नाही आणि अडकवणारही नाही. एवढं मात्र समज की उपवासकाळ लागला की तिला कुणीतरी नेसवायला हवं, आणि ती मी नसेन.

उद्या मासळीची मोठी बोट पलावानला जाते आहे. तिच्या तांडेलाला मी विचारलं, तर म्हणाला, "मागबानुआंच्या घरची बाई कुठे निघाली?" मी म्हटलं, नुसती बाई निघाली. दोमिनादोरला कळवलेलं नाही. तो धक्क्यावर नसेल कदाचित. नसला तर विचारत जाईन, डिझेलचा वास ओळखीचा आहे. मला भीती वाटते आहे, इंदाय, आणि तरी मी सकाळपासून तीच दोन गाणी म्हणते आहे.

माउलीच्या झग्यांच्या पेटीची किल्ली तुझ्याच मखमलीच्या तुकड्यात गुंडाळून या पाकिटात ठेवली आहे. मखमल कधी उन्हात टाकू नकोस, तांबडी पडते. चुण्या डाव्या खांद्यापासून घालायला सुरुवात कर. हातांचं हस्तिदंत पाण्याने नाही, कोरड्या कापसाने पुसायचं. सुरुवातीला तुला जमणार नाही. मलाही जमलं नव्हतं, आणि मला शिकवायलासुद्धा कुणी थांबलं नव्हतं.

जुनजुनला माझा पापा.

तुझी मानंग
फेलिंग